घर बांधताय की वाढवताय? मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी बांधकाम नियम तपासणीची वाट

बांधकाम परवानगीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, किती दिवस लागतात. दुसरा, किती पैसे लागतात. आपलं घर नियमात बसतं का, हा प्रश्न बहुतेक वेळा नोटीस दारावर चिकटल्यावर किंवा बँकेने कर्जाची फाइल परत पाठवल्यावर विचारला जातो. तोवर स्लॅब पडलेला असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. मंजुरी देणारं कार्यालय प्रामुख्याने नकाशा तपासतं: किती जागा सोडली, किती बांधलं, रस्ता किती रुंद. तुमच्या कॉलममध्ये रिंगा (उभ्या गजांभोवतीच्या लोखंडी कड्या) किती अंतरावर बांधल्या, पाया काळ्या मातीत थांबला की मुरमापर्यंत गेला, हे तिथे कुणी मोजत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतली जाते आणि जबाबदारी त्या सहीवर सोडली जाते. म्हणून अर्धी तपासणी कार्यालय करतं आणि उरलेली अर्धी तुम्हाला करून घ्यावी लागते. हा लेख दोन्ही अर्ध्यांबद्दल आहे. दुसऱ्यावर जरा जास्तच लिहिलंय, कारण त्याबद्दल कुणी सांगत नाही.

पहिली पायरी: आपण कुणाच्या हद्दीत आहोत?

छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना या पाच महापालिका. त्यांच्या हद्दीत असाल तर तिथला नगररचना विभाग. नगरपरिषद किंवा नगरपंचायतीत असाल तर ती. गावठाणात ग्रामपंचायत, आणि गावठाणाबाहेरच्या शेतात प्लॉट पाडलेला असेल तर महसूल खातं आणि जिल्ह्याची नगररचना शाखा. एमआयडीसीच्या भूखंडाला एमआयडीसीच परवानगी देते, तिची नियमावली वेगळी. संभाजीनगरात तर एकाच शहराभोवती महापालिका, सिडको, एमआयडीसी, छावणी अशी चार-चार दारं आहेत. रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. शेजाऱ्याने कुठे अर्ज केला यावरून अंदाज बांधू नका.

मुंबई आणि काही वेगळी प्राधिकरणं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे: एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. मुळात कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्यातल्या कलम ४४ खाली अर्ज होतो आणि ४५ खाली मंजुरी किंवा नकार मिळतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कार्यालयातल्या प्रत्येक पत्रावर दिसतील.

दुसरी पायरी: जमिनीचा कागद

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, मंजूर लेआउटची प्रत, भाग नकाशा किंवा झोन दाखला आणि मोजणी नकाशा. यातला मोजणी नकाशा लोक टाळतात. खरेदीखतात ३० बाय ४० लिहिलंय म्हणून जागेवर तेवढं असेलच असं नाही. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, खुणा रोवून घ्या आणि चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजा. चारही बाजू बरोबर येऊनही प्लॉट तिरका असतो, ते कर्णात कळतं. अर्धा फूट इकडेतिकडे झाला की बाजूची सोडायची जागा कमी पडते आणि मग सगळा नकाशा हलवावा लागतो.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आवर्जून बघावी लागते, ती म्हणजे जमिनीचा धारणा प्रकार. निजामाच्या काळापासून आलेल्या मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी जमिनी, वक्फच्या जमिनी, कूळ कायद्यात मिळालेल्या जमिनी इथे पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) दिसलं तर तिथेच थांबा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. जुन्या नोंदी मोडीत किंवा उर्दूत असतील तर वाचून घ्यायला माणूस मिळतो, थोडा खर्च होतो, पण करावाच.

अकृषिक परवानगीची भीती बरीच कमी झाली आहे. महसूल कायद्याच्या कलम ४२-ब ते ४२-ड मुळे विकास आराखड्यातल्या जमिनीला आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळा एनए आदेश लागत नाही. ठरलेली रक्कम भरायची. ती रक्कम भरायची मात्र राहू देऊ नका.

गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर क्रम बदलतो. आधी भूखंड नियमित करून घ्यायचा, मग बांधकाम. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो खुला झाला. "बॉन्डवर घेतलाय, घरपट्टी चालू आहे" एवढ्यावर कुणी वीट लावू नये. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, हा आपल्याकडचा सर्वांत महागडा गैरसमज. महापालिका कायद्यात तर अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद आहे. म्हणजे कर घेणं आणि मान्यता देणं यांचा संबंध नाही.

भोवतालचे निर्बंधही आताच बघा. बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, वेरूळ अशा केंद्रीय संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. चिकलठाणा आणि नांदेड विमानतळांच्या परिसरात उंचीची मर्यादा असते. गोदाकाठी, म्हणजे पैठण, गंगाखेड, नांदेड इथे पूररेषा बघायची (निळी नेहमीच्या मोठ्या पुराची, लाल त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची): नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात घर होत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये होतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. प्लॉटवरून किंवा कडेने विजेची तार जात असेल तर ११ केव्हीच्या तारेपासून उभं अंतर ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर हवं. गच्चीवर वाळवण घालताना हात वर केला की तार लागेल, अशी घरं प्रत्येक गावात दोन-चार असतातच.

तिसरी पायरी: या कामाला परवानगी लागते का, आणि कितपत?

गिलावा, रंग, फरशी बदलणं, आहे त्याच जागी दार-खिडकी बदलणं, वायरिंग, नळकाम, फॉल्स सीलिंग, पडलेली भिंत तशीच पुन्हा उभी करणं, याला परवानगी लागत नाही. अट एकच, घराच्या सांगाड्याला हात लागता कामा नये. भिंत काढून हॉल मोठा करणं, जिन्याची जागा बदलणं, मजला वाढवणं, गॅलरी पुढे काढणं, राहत्या घरात दुकान किंवा क्लास काढणं, हे सगळं परवानगीच्या कक्षेत येतं. "आतल्या आत" केलं म्हणून सुटत नाही.

लहान घरांसाठी नियमावलीने वाट सोपी केली आहे. भूखंड १५० चौ.मी.पर्यंत असेल तर परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या सहीचा नियमात बसणारा नकाशा देऊन शुल्क भरायचं; त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौ.मी.ला १० दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. ग्रामीण भागातही साधारण असंच: १६०० चौरस फुटांपर्यंत कागद आणि प्रमाणित नकाशा ग्रामपंचायतीत दाखल करायचा, ३२०० पर्यंत विकास शुल्क भरून प्रारंभ प्रमाणपत्र घ्यायचं. २०२१ मध्ये हा निर्णय झाला तेव्हा "आता गावात परवानगीच लागत नाही" अशी हवा झाली. तसं नाही. तपासणी रद्द झालेली नाही, ती साहेबाकडून तुमच्या इंजिनिअरकडे आली आहे. त्याने चुकीचा नकाशा प्रमाणित केला तर पाडायची वेळ तुमच्यावर येते. म्हणून सहीला माणूस निवडताना फी बघू नका, त्याने गेल्या पावसाळ्यात बांधलेली दोन घरं जाऊन बघा.

चौथी पायरी: नकाशा नियमात बसवणं

पुढची जागा किती सोडायची हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, बाजूची आणि मागची भूखंडाच्या आकारावर आणि इमारतीच्या उंचीवर. दाट वस्तीतल्या जुन्या भागाला वेगळे नियम, नव्या वसाहतीला वेगळे. रस्त्याची रुंदी जागेवर दिसते ती धरायची नाही. मंजूर लेआउटमधली आणि विकास आराखड्यातली धरायची. आराखड्यात रुंदीकरण असेल तर तेवढी पट्टी आधी वजा होते.

चटई क्षेत्राचा, म्हणजे भूखंडाच्या मानाने एकूण किती बांधता येतं याचा, हिशेब युडीसीपीआरने बदलला. पूर्वी जिना, बाल्कनी वगळून क्षेत्र मोजायचे आणि त्या वगळण्यातच सगळी कसरत चालायची. आता इमारतीची बाहेरची रेषा धरून, म्हणजे पी-लाइनने, जवळजवळ सगळंच मोजतात. दाट वस्तीबाहेर महापालिका आणि नगरपरिषद क्षेत्रात मूळ निर्देशांक १.१ आहे, त्यावर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं. उदाहरण घ्या: २०० चौ.मी. भूखंडावर मूळ २२० चौ.मी. आणि पूरक धरून जास्तीत जास्त ३५२. एवढं प्रत्यक्षात बसेलच असं नाही, कारण सोडायच्या जागा आणि पार्किंग आधी जागा खातात. गुत्तेदार "साडेतीन हजार फूट निघतं" म्हणाला की हा हिशेब त्याला कागदावर मांडून दाखवायला सांगा.

आतल्या मापांत दोनच गोष्टी हमखास चुकतात. राहत्या खोलीची उंची २.७५ मीटरपेक्षा कमी नको. मजल्यामागे अर्धा फूट वाचवायच्या नादात ती घसरते, आणि आपल्या उन्हाळ्यात त्या वाचवलेल्या अर्ध्या फुटाची किंमत रोज दुपारी मोजावी लागते. दुसरा जिना. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातल्या पायरीचा तळवा किमान २५० मिमी आणि चढ जास्तीत जास्त १९० मिमी. उरलेल्या जागेत जिना कोंबला की चढ आठ-नऊ इंचांवर जातो आणि आजी खालच्या खोलीतच अडकते.

भूखंड ५०० चौ.मी. किंवा मोठा असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची किंवा साठवण्याची सोय सक्तीची आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते बघितलेल्यांनी लहान भूखंडावरही ही सोय करावी, सक्ती असो-नसो. फक्त शोषखड्डा पायाला चिकटून घेऊ नका. कारण पुढे येतंच आहे.

पाचवी पायरी: माती

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण लहानपणापासून बघतो, पण त्याच मातीवर घर ठेवताना विसरतो. पाया या थरात थांबला तर घर दर पावसाळ्यात उचललं जातं आणि दर उन्हाळ्यात खाली बसतं, तेही सगळीकडे सारखं नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते ती यामुळे. मिस्त्री तिला सिमेंट भरतो आणि पुढच्या जूनमध्ये ती परत उघडते.

म्हणून माती तपासणी करा. तिचा खर्च एकूण घराच्या मानाने किरकोळ असतो. अहवालात तीन गोष्टी शोधा: काळ्या मातीच्या थराची खोली, माती किती फुगते याचा निर्देशांक आणि सुचवलेल्या खोलीवरची भारक्षमता. थर चार-पाच फुटांचा असेल तर तो ओलांडून मुरमात किंवा खडकात पाया न्यायचा. खोल असेल तर खाली फुगवटा असलेले, अंडर-रीम्ड, पाइल हा मार्ग आहे. त्याचं भारतीय मानक आयएस २९११ चा तिसरा भाग. पाया खोदून निघालेली काळी मातीच परत जोत्यात भरणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि ती साफ चुकीची आहे. भराव मुरमाचा, थराथराने पाणी मारून धुमस करून घ्या. घराभोवती उताराची फरसबंदी करा. सेप्टिक टँक, शोषखड्डा, बाथरूमचं सांडपाणी आणि बागेचा नळ पायापासून लांब ठेवा.

सहावी पायरी: भूकंप

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली आणि ५२ गावं मुळासकट दुसरीकडे वसवावी लागली. भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. माणसं मारली ती मुख्यतः घरांनी. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, त्यांत दगडांचे दोन पदर आणि मधे नुसती भर, जोडायला माती, आणि वर लाकडावर मातीचं जड माळवद. हादऱ्याने पदर सुटले आणि माळवद खाली आलं. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या आयएस १८९३ या भूकंप-मानकात झोन १ रद्द झाला आणि किल्लारी परिसर झोन ३ मध्ये आला. छत्रपती संभाजीनगर त्याच नकाशात झोन २ मध्ये होतं. पण झोन २ म्हणजे निर्धास्त असं समजू नका: हिंगोली परिसरात २०२४ मध्येच मार्च आणि जुलैत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली, आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागातल्या जमिनीखालच्या आवाजांची सवय तर लोकांना झालीच आहे.

आरसीसी घरासाठी बघायचं मानक म्हणजे आयएस १३९२०. ते झोन ३ आणि त्यावर बंधनकारक आहे. मी झोन २ मध्येही तेच पाळा असं सांगतो, खर्चात फार फरक पडत नाही. त्यातली एकच अट आपल्या बहुतेक घरांना नापास करते. कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी हवी. आपल्याकडे मात्र नऊ इंची भिंतीत लपावा म्हणून नऊ बाय बारा, नऊ बाय पंधरा असा कॉलम सर्रास घालतात. नऊ इंच म्हणजे २३०. कॉलम खोलीत थोडा पुढे आलेला दिसतो म्हणून घरची मंडळी नाराज होतात. त्यांना किल्लारीला नेऊन आणा.

पुढे रिंगा. रिंगेचं टोक ९० अंशांत वाकवलेलं चालत नाही, १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळवलेलं हवं. भूकंपात कॉलमचं वरचं आवरण उडतं, तेव्हा ९० अंशांची रिंग उघडते आणि उभे गज बाहेर फुगतात. बीम-कॉलमच्या जोडाजवळ, म्हणजे कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, रिंगांमधलं अंतर १०० मिमीच्या वर नको. मिस्त्री अंदाजाने सहा इंच, आठ इंच असं सरसकट टाकतो, आणि जोडाच्या आत तर रिंग घालतच नाही कारण तिथे हात जात नाही. तिथेच बघा. गजांची जोडणी कॉलमच्या मधल्या भागात घ्यायची, स्लॅबच्या लगेच वर नाही. कव्हर, म्हणजे गजांवरचं काँक्रीटचं आवरण: कॉलमला ४० मिमी, फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५०. त्यासाठी कव्हर ब्लॉक आणा, खडीचा तुकडा किंवा फरशीचा चुरा नको. आरसीसीला काँक्रीट एम-२० च्या खाली नाही. क्यूब टेस्ट (काँक्रीटचे ठोकळे भरून त्यांची ताकद तपासणं) करायला सांगितलं की लोक हसतात. हसू द्या, क्यूब भरून घ्या.

खाली पूर्ण मोकळं पार्किंग आणि वर भिंती भरलेले मजले, ही रचना शहरांत सगळीकडे झाली आहे. खालचा मजला लवचिक राहतो आणि हादरा सगळा तिथेच एकवटतो. पार्किंग हवंच असेल तर इंजिनिअरला सांगून खालचे कॉलम त्या हिशेबाने मजबूत करून घ्या किंवा काही ठिकाणी आरसीसी भिंती द्या.

गावात दगड-विटांचंच घर बांधत असाल तर तेही नियमात बसतं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, जोत्यावर आणि दार-खिडक्यांच्या वर सलग आरसीसी पट्टा, कोपऱ्यांत उभे गज, आणि खिडकी कोपऱ्याला चिकटवायची नाही. आयएस ४३२६ आणि १३८२८ यांत हे चित्रांसकट दिलेलं आहे.

सातवी पायरी (फक्त जुन्या घराला): मजला, तोडफोड, वापर बदल

गच्चीवर गज वर सोडलेली घरं मराठवाड्यात वीस-वीस वर्षं उभी असतात: "पुढे पोराचं लग्न झालं की मजला चढवू." एवढ्या काळात ते गज गंजून पेन्सिलीएवढे झालेले असतात. त्यांना घासून नवा गज वेल्ड करून कॉलम उभा करणं म्हणजे मजला चढवणं नव्हे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी: मूळ नकाशा आणि पायाची मापं, नसतील तर एका फुटिंगपर्यंत खोदून बघणं, काँक्रीटची ताकद बघायला रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी, गरज पडली तर कोअर (काँक्रीटचा नमुना) काढणं. मग ठरवायचं. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला संरचना स्थिरतेचं प्रमाणपत्र द्यावंच लागतं, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीचं पाणीच एक टन असतं. पत्र्याचं शेड, मोबाइल टॉवर, सोलर यांचा भार मूळ हिशेबात नसतो.

वापर बदल हा लातूरकरांनी खास वाचायचा भाग. राहत्या बंगल्यात क्लास निघतो, वर हॉस्टेल, खाली मेस. कागदावर फक्त पाटी बदलते. पण आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, वर्गखोलीचा ३००, आणि खुर्च्या न बसवलेल्या सभागृहाचा ५००. स्लॅब जुन्या हिशेबाचा, गर्दी नव्या. शिवाय बाहेर पडायचा जिना, संडासांची संख्या, पार्किंग, अग्निशमन सगळंच बदलतं. नवीन वापराची परवानगी घेताना अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला लागतो. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) देणं २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने बंधनकारक आहे. खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या आणि बाहेर पडायला एकच अरुंद जिना असलेल्या इमारतीत मुलाला हॉस्टेलला ठेवू नका, दाखला असला तरी.

आठवी पायरी: अर्ज आणि त्रुटी

अर्ज ऑनलाइन. तुमचा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर कॅड नकाशा टाकतो, संगणक त्यातले थर वाचून क्षेत्र आणि अंतरं तपासतो, त्रुटी निघतात. बहुतेक त्रुटी नकाशा काढण्याच्या पद्धतीतल्या असतात, घाबरू नका. पण त्रुटीपत्राची प्रत स्वतः मागून वाचा. शुल्कात विकास शुल्क, छाननी शुल्क, पूरक क्षेत्राचं अधिमूल्य आणि बांधकामाच्या खर्चावर १ टक्का कामगार उपकर येतो. स्वतः राहण्यासाठीच्या ५० लाखांपर्यंतच्या घराला उपकर नाही (नोव्हेंबर २०२५ पूर्वी ही मर्यादा १० लाखांची होती). प्रत्येक रकमेची पावती तुमच्या नावाची हवी.

कायद्यात ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मानीव धरायची तरतूद आहे. तिच्या भरवशावर कुदळ मारणारे फसतात, कारण नकाशा नियमात बसत असेल तरच ती लागू होते. नकार आला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येतं. मंजुरी एक वर्षाची, नंतर मुदतवाढ घेत एकूण चार वर्षांपर्यंत.

नववी पायरी: जोतं

जोत्यापर्यंत काम आलं की कळवायचं आणि तपासणी करून घ्यायची. हा टप्पा लोक कटकट समजतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत उपयोगी दिवस हाच. घर एक फूट सरकलंय हे इथे कळलं तर दोन दिवसांचं काम मोडतं. तिसऱ्या स्लॅबनंतर कळलं तर कोर्ट. साहेब येण्याआधी तुम्ही टेप घेऊन मंजूर नकाशातली प्रत्येक सोडलेली जागा मोजा. मंजूर नकाशाची प्रत कामावर कायम ठेवा, आणि मिस्त्रीकडे तीच प्रत आहे ना ते बघा. त्याच्या हातात बऱ्याचदा पहिला, नामंजूर झालेला नकाशा असतो.

काम चालू असताना बदल सुचला, आणि तो सुचतोच, तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. प्रत्येक स्लॅब भरण्यापूर्वी इंजिनिअरने सळई बघून वहीत सही करायची, हे कामाच्या करारातच लिहा. तो येईपर्यंत मिक्सर चालू करायचा नाही, गुत्तेदाराचं भाडं चढत असलं तरी. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलवर प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवा.

दहावी पायरी: भोगवटा

काम संपल्यावर परवानाधारकाचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरतेचं प्रमाणपत्र, लागत असेल तिथे अग्निशमनचा दाखला, हे जोडून भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे घर वापरायला हरकत नसल्याच्या दाखल्यासाठी, अर्ज करायचा. जागेवर मंजूर नकाशाशी जुळतं का ते बघतात. इथे अडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: सोडलेल्या जागेत जिना किंवा संडास, बंद केलेली बाल्कनी, पार्किंगमध्ये काढलेली खोली, न केलेला पाऊसपाण्याचा खड्डा. खालचा मजला तयार असेल आणि वरचा राहिला असेल तर भागशः भोगवटा मागता येतो.

वास्तुशांत भोगवट्याआधी उरकली जाते, ते थांबवणं कुणाच्या हातात नाही. पण फ्लॅट घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. प्रकल्प ५०० चौ.मी.हून मोठ्या जमिनीवर आणि आठहून जास्त सदनिकांचा असेल तर महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून मंजूर नकाशे तिथेच उघडून बघा, बिल्डरने ऑफिसात टांगलेला रंगीत नकाशा नको. आणि मिळालेल्या सगळ्या कागदांचा, म्हणजे मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोता तपासणी, माती अहवाल, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, सळईचे फोटो आणि भोगवटा यांचा, एक संच खरेदीखताबरोबर ठेवा. वीस वर्षांनी मजला चढवायला येणारा इंजिनिअर पहिल्यांदा स्ट्रक्चरल ड्रॉइंगच मागेल.